टाचेत प्लेट बसवली, आता पाय टेकायचा कधी?

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचे मिस्टर, वय ४२, द्राक्षबागायतदार. आषाढीची वारी करून आले आणि बाराव्या दिवशी बेदाणा शेडच्या पत्र्यावर चढले. पावसानं पत्रा निसरडा झालेला, पाय घसरला आणि खालच्या कोब्यावर सरळ पायांवर आदळले. उजव्या टाचेच्या हाडाचे तुकडे झाले. सूज उतरेपर्यंत दहा दिवस थांबून मिरजेत ऑपरेशन झालं, प्लेट आणि स्क्रू बसवले. आज ऑपरेशनला नऊ आठवडे झालेत. सूज जात नाही, पावलाची बाहेरची कड बधिर आहे. डॉक्टर म्हणतात, अजून तीन आठवडे पाय टेकायचा नाही. घरात सासरे म्हणतात, "चालल्याबिगर पाय मोकळा हुतोय व्हय?" ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय. ट्रॅक्टर कधी चालवता येईल, प्लेट काढावी लागेल का, पाय कायमचा अधू राहील का, आणि ऑपरेशन केलंच नसतं तर चाललं नसतं का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी सांगलीत बावीस वर्षं फिजिओथेरपी करतेय. द्राक्षाचे मांडव, विहिरी, चिंचेची झाडं, बांधकामाच्या परांच्या, गोठ्यांचे पत्रे यांवरून पडून टाच मोडलेली माणसं दर पावसाळ्यात माझ्याकडं येतात. तेव्हा तुमच्या सासऱ्यांच्या बोलण्यापासूनच सुरुवात करते, कारण ते निम्मं बरोबर आहेत. पाय मोकळा करायलाच हवा, आणि आजपासून करायला हवा. फक्त तो मोकळा करायचा हवेत हलवून. जमिनीवर वजन टाकायची वेळ अजून आलेली नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत नेमकं उलटं चालतं. पाय उशीवर ठेवून तीन महिने लाकडासारखा गप्प ठेवतात, "हाड हलेल" या भीतीनं बोटंसुद्धा हलवू देत नाहीत, आणि रात्री संडासला जाताना मात्र कुणी बघत नाही म्हणून टाच टेकवून दोन पावलं टाकतात. हलवायचं ते हलत नाही आणि जपायचं ते जपलं जात नाही. मिरजेत डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ साली उभं राहिलं. शस्त्रक्रियेसाठी लांबून माणसं या भागात येतात ती तेव्हापासून. पण ऑपरेशननंतरच्या व्यायामाची सवय आपल्या वाड्यावस्त्यांवर अजून रुजलेली नाही, आणि टाचेच्या बाबतीत त्याची किंमत फार मोठी आहे.

का, ते समजून घ्या. टाचेचं हाड भरीव नसतं. वर पातळ कवच आणि आत जाळीदार हाड. टम्म फुगलेल्या भाकरीवर अंगठा दाबला की पापुद्रा जसा आत बसतो, तसं उंचावरून पडल्यावर होतं. वरचं घोट्याचं हाड खाली येऊन टाचेच्या हाडात घुसतं. टाच बुटकी होते, रुंद होते आणि तिच्या माथ्यावरचा सांध्याचा गुळगुळीत भाग खचतो. हा घोट्याखालचा सांधा आपल्याला एरवी आठवतसुद्धा नाही. पाऊल वर-खाली होतं ते घोट्यात. पण बांधावरून, ढेकळांतून, बागेतल्या बोदावरून, म्हणजे वेलींखालच्या मातीच्या वरंब्यावरून चालताना पाऊल जे आत-बाहेर कलतं, ते या खालच्या सांध्यामुळं. शेतकऱ्याला त्याची जेवढी गरज असते तेवढी फरशीवर चालणाऱ्या माणसाला नसते.

सर्जन ऑपरेशनमध्ये खचलेला भाग उचलतात, टाचेची उंची-रुंदी जागेवर आणतात आणि प्लेट-स्क्रूनं ते सगळं धरून ठेवतात. तुमच्या फाइलमध्ये 'बोहलर अँगल' असं कुठंतरी लिहिलेलं असेल. टाचेचं हाड किती खचलंय ते एक्स-रेवर मोजायचा हा कोन व्हिएन्नाचे सर्जन लोरेन्झ बोहलर यांनी १९३१ साली मांडला. धडधाकट टाचेत तो साधारण २० ते ४० अंशांच्या दरम्यान असतो. हाड खचलं की तो कमी होतो, कधी शून्याच्याही खाली जातो. ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा आकडा सर्जनना विचारून घ्या. आधी काय होतं आणि आता काय आहे ते त्यावरून घरच्यांना समजेल.

आता वजनाचं. ओल्या स्लॅबखाली सेंट्रिंग असतं ना, तशी ही प्लेट आहे. स्लॅब वाळेपर्यंत त्याला जागेवर धरून ठेवायचं एवढंच तिचं काम. सेंट्रिंग आहे म्हणून दुसऱ्या दिवशी स्लॅबवर विटांचा ट्रॅक्टर रिकामा करत नाहीत. उचललेल्या सांध्याखाली पोकळी राहिलेली असते, ती नव्या हाडानं भरून यायला साधारण तीन महिने लागतात. म्हणून बहुतेक सर्जन १० ते १२ आठवडे वजन टाकू देत नाहीत. चिराच बारीक असल्या, सांधा फारसा खचलेला नसला तर काही जण आधी सोडतात. तुमच्या सर्जननी १२ म्हटलंय, कारण आत काय अवस्था होती ती त्यांनी डोळ्यांनी पाहिलीय. तिथं शेजाऱ्याच्या पायाशी तुलना करू नका.

"पण दुखत नाही की आता," हे वाक्य मी रोज ऐकते. दुखणं हे हाड पक्कं झाल्याची खूण नाही. यात माझी स्वतःची एक चूक आहे, ती सांगते. मी नवीन असताना एक गवंडी माझ्याकडे यायचे. सातव्या आठवड्यात त्यांचा पाय सुरेख हलत होता, दुखत नव्हतं. पुढच्या एक्स-रे फोटोची वाट न बघता मी म्हटलं, थोडं थोडं वजन टाकायला लागा. 'थोडं' म्हणजे किती, ते मी मोजून दाखवलं नाही. चौथ्या दिवशी ते जिना चढले. पुढच्या एक्स-रेमध्ये उचललेला सांधा पुन्हा खाली बसलेला दिसला, आणि दोन वर्षांनी दुखणं असह्य होऊन तो सांधा कायमचा जोडून टाकावा लागला. तेव्हापासून फोटो आणि सर्जनचा होकार यांच्याशिवाय मी कुणालाही पाय टेकू देत नाही, आणि वजनकाट्याशिवाय 'थोडं' हा शब्द उच्चारत नाही.

तर या तीन आठवड्यांत काय करायचं? जखम पूर्ण भरली आहे असं धरून सांगते. मिस्टरांना कॉटवर झोपवा, पाऊल कडेच्या बाहेर येऊ द्या. पायाच्या अंगठ्याची पेन्सिल करायची आणि हवेत अ आ इ ई काढायची. गुडघा न हलवता, फक्त पावलानं, अक्षर जमेल तेवढं मोठं. 'अ', 'ळ', 'क्ष' काढताना पाऊल सगळ्या दिशांना फिरतं. त्यानंतर तळवा आत वळवायचा, दोन मोजायचे. बाहेर वळवायचा, दोन मोजायचे. हीच हालचाल सगळ्यात अडखळते आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. सुरुवातीला बाहेरच्या अंगाला जेमतेम एक-दोन अंश जाईल. तेवढंही चालेल. दिवसातून चार वेळा, दहा-दहा मिनिटं. एकदाच तासभर करून काही उपयोग नाही, पाय फक्त सुजेल.

पंचा तळव्याच्या पुढच्या भागात अडकवून गुडघा सरळ ठेवून पाऊल आपल्याकडे ओढायचं, पोटरीला ताण जाणवेल तिथं तीस मोजायचे. मग हेच गुडघा थोडा वाकवून. टाचेमागची शीर आखडली तर पुढं पाय टेकल्यावर टाच जमिनीला लागतच नाही. बोटांनी जमिनीवरच्या गोट्या उचलून वाटीत टाकायच्या; घरात लहान मूल असेल तर तेही या खेळात बसतं, आणि माणसाचा कंटाळा जातो. मांडीची ताकद विसरू नका. दोन महिन्यांत मांडी किती बारीक होते ते दोन्ही पायांना सुतळी गुंडाळून बघा. गुडघा ताठ ठेवून पाय वीतभर उचलायचा, दहा मोजून खाली. जो पाय चालणार आहे तो कमरेपासून तयार करायला लागतो.

ऑपरेशनची खूण बाहेरच्या बाजूला इंग्रजी एल अक्षरासारखी असेल. जखमेवर खपली, ओल काही नसेल तर बोटाला खोबरेल लावून त्या व्रणावर लहान लहान गोल फिरवा, रोज पाच मिनिटं. व्रण खालच्या पेशींना चिकटला की पाऊल वळताना ओढ बसते. ज्यांची जखम अजून ताजी आहे त्यांनी यातलं काही करू नये. या चिऱ्याचा कोपरा सगळ्यात उशिरा भरतो, टाके दोन ते तीन आठवडे ठेवतात, आणि तिथं हळद, भस्म, झाडपाल्याचा लेप अजिबात लावायचा नाही. सांगलीच्या हळदीचा मला अभिमान आहे, पण उघड्या जखमेखाली प्लेट असते. जंतू एकदा प्लेटपर्यंत पोचले की ते काढणं फार अवघड जातं.

सुजेचं आता. ताई, सूज बघून घाबरू नका. टाचेच्या ऑपरेशननंतर सूज सहा महिने, कधी वर्षभरही येत-जात राहते. सकाळी कमी, संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतेल इतकी, हे तिचं नेहमीचं रूप. पाय खाली सोडून खुर्चीत बसलं की वाढणारच. पाय वर ठेवायचा म्हणजे छातीच्या पातळीच्या वर. स्टुलावर ठेवलेला पाय वर नसतो. दर तासाला दहा मिनिटं आडवं होऊन पाय दोन लोडांवर, आणि तेव्हाच पाऊल वर-खाली तीस वेळा. पोटरीचा स्नायू पंपासारखा रक्त वर ढकलतो. बर्फ पंच्यात गुंडाळून दहा-बारा मिनिटं. दिवसा क्रेप बँडेज बोटांपासून वर गुंडाळत जायचं, वरून खाली कधीच नाही.

बाहेरची कड बधिर आहे, कारण चिऱ्याच्या जवळून एक बारीक नस करंगळीकडे जाते आणि ऑपरेशनमध्ये ती ताणली जाते. महिन्या-महिन्यानं हा बधिरपणा आक्रसत जातो. काहींना रुपयाएवढा तुकडा कायम बधिर राहतो. त्यानं चालण्यात काही अडत नाही. धोका वेगळाच आहे. बधिर जागेला चटका कळत नाही. वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेक द्यायची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे. दोन वर्षांपूर्वी एका आजींनी आपल्या मुलाच्या टाचेला मायेनं असाच शेक दिला, त्याला कळलं नाही, आणि जखम भरून आलेल्या जागी मोठा फोड आला. दीड महिना मागं गेला. वीट नको, गरम पाण्याची पिशवी नको, गरम मिठाची पुरचुंडी नको.

मसाज करून "सांधा बसवून देणाऱ्या" माणसाकडेही नेऊ नका. जत्रेत, बाजारात अनेक जण भेटतील. आत स्क्रू आहेत आणि हाड कच्चं आहे, तिथं पाऊल पिळणं मला विचारानंसुद्धा सहन होत नाही.

तंबाखूबद्दल थेट विचारते. मिस्टर खातात का? खात असतील तर आज बंद. सिगारेटचं नुकसान लोकांना पटतं, पण "मी ओढत नाही, फक्त मळून खातो" असं म्हणतात. निकोटीन दोन्हीकडून रक्तात जातं, बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि टाचेची कातडी आधीच पातळ, तिथं रक्ताचा पुरवठा बेताचा. जखम न भरणं, हाड उशिरा जुळणं यामागं हे कारण मी वारंवार पाहिलंय. बायकांची टाच मोडते तेव्हा हीच गोष्ट मिसरीची. मिसरी हा तंबाखूच आहे, हे कुणी त्यांना सांगतच नाही. साखरेचा आजार असेल तर साखर ताब्यात ठेवणं हाही या उपचाराचाच भाग समजा. खाण्यात प्रथिनं वाढवा: अंडी, मटकी, हुलगे, शेंगदाणे, दूध, दही, मांसाहार करत असाल तर तोही. पायाचं सूप आवडत असेल तर जरूर प्या, पण त्यानंच हाड जुळतं अशा भरवशावर बाकीचं जेवण कमी करू नका. रक्तातलं ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या.

आणि हे लक्षात ठेवा. जखमेतून पुन्हा पाणी किंवा पू येणं, ताप. पोटरी घट्ट होऊन दुखणं, एकाएकी धाप लागणं. किंवा पाऊल सतत आग आग होणं, चादरीचा स्पर्शही सहन न होणं, कातडी तकतकीत आणि रंग बदललेला, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. पोटरी आणि धाप यांच्या बाबतीत तर रात्र असली तरी निघा. शेवटचं, आगीचं दुखणं, लवकर ओळखलं तर आटोक्यात येतं, उशीर झाला तर फार छळतं. कंबर दुखतेय का तेही विचारा. उंचावरून पायांवर पडणाऱ्यांत मणक्यालाही मार बसलेला असतो आणि टाचेच्या वेदनेपुढं तो लपून जातो.

बाराव्या आठवड्याचा फोटो चांगला आला, सर्जननी हो म्हटलं, की पुढचा टप्पा. घरी साधा वजनकाटा आणा, अंगावरचं वजन करतो तो. वॉकर धरून उभं राहायचं, चांगला पाय जमिनीवर, ऑपरेशनचा पाय काट्यावर. हळूहळू दाब देत काटा १५ किलोवर आणायचा. हे १५ किलो पायाला कसे जाणवतात ते डोळे मिटून लक्षात ठेवायचं, आणि तेवढ्याच दाबानं वॉकरबरोबर चालायचं. दर तीन-चार दिवसांनी पाच-दहा किलो वाढवत जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर आदल्या दिवसापेक्षा जास्त सूज आणि ठणका असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं; एक पायरी मागं यायचं. रात्री दुखून सकाळी निवत असेल तर ठीक चाललंय. पूर्ण वजन यायला तीन ते सहा आठवडे लागतात. दोन कुबड्यांवरून एकीवर आलात की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात घ्यायची. जवळजवळ सगळेच ती उलट धरतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

या काळात एक वाईट खोड लागते. टाचेला भीती बसलेली असते म्हणून माणूस चवड्यावर, पाऊल बाहेर फिरवून चालतो. दिसायला चालणं सुरू होतं, सगळे खूश होतात, आणि चार महिन्यांनी गुडघा आणि कंबर धरते. टाच आधी टेकली पाहिजे, मग तळवा, मग अंगठ्यानं ढकलायचं. पावलं लहान ठेवा, पण बरोबर टाका. ओट्याला धरून दोन्ही टाचा उचलणं, मग एका पायावर उभं राहणं, हे रोज. एका पायावर टाच उचलता येणं ही मोठी परीक्षा. कुणाला सहा महिन्यांत जमते, कुणाला वर्ष लागतं.

पाण्यात चालण्याचा व्यायाम फार चांगला, अंगावरचं वजन हलकं होतं. पण त्यासाठी बागेतल्या शेततळ्यात उतरू नका. प्लॅस्टिकच्या अस्तरावर धडधाकट माणसाचा पाय ठरत नाही. सांगलीत पोहण्याचा तलाव आहे, कठडा आहे, तिथं कुणाला तरी बरोबर घेऊन जा.

पादत्राण बदलावं लागेल. टाच पूर्वीपेक्षा थोडी रुंद झालेली असते, जुना बूट घोट्याखाली घासतो. रुंद टाचेचे, मऊ तळव्याचे स्पोर्ट्स शूज घ्या, पायांत सूज असते तेव्हा, म्हणजे संध्याकाळी, मापून घ्या. आत सिलिकॉनची टाचेची गादी. कोल्हापुरी चप्पल निदान वर्षभर बाजूला. घरात अनवाणी चालू नका. स्वयंपाकघरात, देवघरात चप्पल चालत नसेल तर घरातल्यासाठी वेगळी धुतलेली मऊ जोडी ठेवा. फरशीवर अनवाणी चालून टाचेखालचं मांस दुखतं आणि लोकांना वाटतं हाडच जुळलं नाही. संडासला खुर्चीचा कमोड आत्तापासूनच वापरा. उकिडवं बसणं बहुतेकांना सहा महिन्यांच्या आसपास जमायला लागतं, काहींना ते पूर्वीसारखं कधीच जमत नाही. मांडी घालून जेवायला बसणं त्यामानानं लवकर येतं.

छाटणी. ताई, या वर्षी मिस्टर कात्री घेऊन बागेत उभे राहणार नाहीत, हे आताच घरात ठरवून टाका. बारा आठवडे छाटणीच्या ऐन मध्यात भरतील. छाटणीत दिवसभर मान वर करून भुसभुशीत बोदावर उभं राहायचं असतं, आणि ते चौथ्या महिन्यातल्या पायालाही झेपत नाही. पण काडी बघून कुठं कापायचं हा निर्णय त्यांच्या डोळ्यांचा आहे. बागेच्या तोंडाशी खाट टाका, पाय लोडावर, मजुरांना काड्या आणून दाखवू द्या, छाटलेल्या काडीला लावायच्या पेस्टचं मोजमाप त्यांच्या हातात द्या. तीन महिने कॉटवर पडलेला माणूस आतून किती खचतो ते मी पाहते, आणि व्यायाम सुटतो तो याच खचण्यानं. त्यांना काम द्या. बागेत पायी फेरी मारणं साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यापासून, आधी सपाट रस्त्यावर अर्धा तास सहज चालता आलं की.

ट्रॅक्टरचा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर उजव्या पायाला, मोटारसायकलचा मागचा ब्रेकही उजव्याच पायाला. काठीशिवाय चालता येतंय आणि ब्रेक दणकन दाबताना पाय कचरत नाही, असं झाल्याशिवाय चालवायचं नाही. म्हणजे ढोबळमानानं चार महिने उलटल्यावर. आधी इंजिन बंद ठेवून पन्नास वेळा ब्रेक दाबून बघायला सांगा. ट्रॅक्टरवरून खाली उडी मारायची सवय मात्र कायमची सोडायची.

ऑपरेशन केलं नसतं तर? हा प्रश्न डॉक्टरांनीही प्रामाणिकपणे विचारलाय. ब्रिटनमध्ये १५१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. दोन वर्षांनंतर ऑपरेशन केलेल्यांत आणि न केलेल्यांत दुखणं आणि कामकाज यांत फारसा फरक दिसला नाही. पण ज्यांची टाच फारच वेडीवाकडी झाली होती ते त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. त्याआधी २००२ साली कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात, ऑपरेशन न केलेल्यांना पुढं तो सांधा जोडायची वेळ जास्त आली. म्हणजे कुणाला ऑपरेशन करायचं हे तुकडे किती, सांधा किती खचला, वय, काम, तंबाखू, साखर हे सगळं बघून ठरतं. तुमच्या मिस्टरांचं वय आणि काम बघता सर्जननी जो कौल दिला तो मला पटतो. आता घरात कुणाशी त्यावर वाद घालत बसू नका, तो वेळ व्यायामाला द्या.

प्लेट काढावीच लागते असं नाही. बहुतेकांची आयुष्यभर आत राहते. स्क्रूचं डोकं टोचत असेल, बाहेरच्या बाजूच्या शिरा प्लेटवर घासून दुखत असेल किंवा जंतुसंसर्ग झाला तरच काढतात, आणि संसर्ग नसेल तर साधारण वर्ष होऊन गेल्यावर.

अधू राहील का? शब्द मोठा आहे, आणि मी खोटा दिलासा देणार नाही. पाऊल आत-बाहेर कलणं पूर्वीएवढं सहसा होत नाही. ढेकळांतून चालताना, पावसाळी गारव्यात, दिवसभर उभं राहिल्यावर टाच आठवण करून देणार. पण सुधारणा दीड-दोन वर्षं चालू राहते. सहाव्या महिन्यात रडकुंडीला आलेली माणसं पंधराव्या महिन्यात माझ्यापुढं भराभर चालताना मी पाहिलीत. दीड वर्षानंतरही रोजचं दुखणं जगू देत नसेल तर तो खालचा सांधा जोडून टाकायचं ऑपरेशन असतं. त्यात बाजूला कलणं जातं, घोट्यातलं वर-खाली राहतं, आणि दुखणं बरंचसं थांबतं. माझ्या त्या गवंड्यांनी त्यानंतर परांचीवरचं काम सोडलं, पण फरशी बसवायचं काम ते आजही करतात.

तुम्ही शेवटी वारीचं लिहिलंय, की मिस्टर तुम्हाला रोज विचारतात, पुढच्या आषाढीला जमेल का. तेव्हा ऑपरेशनला जवळजवळ अकरा महिने होतील. सगळी वाट पायी चालायचं आत्ता मनात धरू नका. गुढीपाडव्यापर्यंत सपाट रस्त्यावर सलग चार-पाच किलोमीटर चालून दुसऱ्या सकाळी पाय जागेवर असला, तर वैशाखात ते दुप्पट करून बघा. तेही जमलं तर दिंडीबरोबरच्या गाडीत बसून निघायचं, रोज सकाळचा गारव्यातला एक टप्पा पायी, बाकी गाडीत, आणि मुक्कामाला पोचल्या पोचल्या पाय लोडावर. निघण्याआधी महिनाभर त्यांना एकदा माझ्याकडे किंवा जवळच्या फिजिओकडे घेऊन या, चाल बघून किती किलोमीटर ते सांगता येईल. तोवर आज संध्याकाळी कॉटच्या कडेला पाऊल ठेवून 'अ' पासून सुरुवात करा.